अडतीसचे निम्मे

१

पिंपळदऱ्याचा गुरांचा दवाखाना सोमवारी संध्याकाळपर्यंत पिंपळदऱ्यातच होता. बुधवारी सकाळी पाहिलं तर तो नऊ मैल चालून हिंगणमळ्याला गेलेला. वाटेत कुणाला दिसला नाही, कारण तो अजून बांधलाच नव्हता. तो कागदावर होता, आणि कागदावरची वस्तू पारनेर तालुक्यात कुठूनही कुठेही विनातिकीट जाते.

ही चोरी उघडकीला आणली पिंपळदऱ्याच्या सरपंचांनी. ते शेरभर पेढे घेऊन कचेरीत आले, यादी हातात घेतली, बोट लावून सातही गावं वाचली, पुन्हा वाचली आणि पेढ्यांचा पुडा उचलून निघून गेले. एकही पेढा मागे ठेवला नाही. प्रकरण किती गंभीर आहे ते कचेरीला तेव्हा कळलं.

साहेबांच्या हातच्या कच्च्या मसुद्यात स्वच्छ ‘पिंपळदरा’ होतं. टाइप केलेल्या यादीत, वरच्या प्रतीत आणि कार्बनखालच्या दोन्ही प्रतींत, तितकंच स्वच्छ ‘हिंगणमळा’ होतं. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची असतात तिथं, दोन अक्षरं होती: वि. शे. म्हणजे विजयमाला शेळके, कचेरीतली टायपिस्ट. वय बावीस, नोकरी हंगामी, कायम होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी टेबलावर पडलेला. आणि हिंगणमळा हे तिचं आजोळ.

इतकं सगळं जुळून आल्यावर तपासाची गरज कुणालाच वाटली नाही. फक्त एक अडचण होती. बाईला कामावरून कमी करण्याच्या कागदाला तिचं टायपिंगचं सर्टिफिकेट जोडायचं होतं, आणि ते खरं आहे की तेही असंच चालत आलेलं आहे, हे विचारायला एक पत्र नगरला गेलं. सन एकाहत्तरच्या एप्रिलातली गोष्ट.

पत्र ज्यांना गेलं ते मोहियोद्दीन मास्तर नगरमध्ये माळीवाड्याजवळ टायपिंगचा क्लास चालवत. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी कोर्टात टायपिंग केलं होतं. माणसाचा चेहरा ते सहसा विसरत, पण त्यानं सोडलेला समास विसरत नसत. पत्र वाचून त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि बायकोला म्हणाले, “जहिरा, शेळक्यांच्या पोरीनं कागद बदलला म्हणतात.”

“बदलला असेल.”

“बदलला असेलही. पण पत्रासोबत त्या यादीची प्रत धाडली आहे. तिचं हेडिंग बघ.”

“मला काय दिसणार त्यात?”

“काहीच नाही दिसणार,” मास्तर टोपी शोधत म्हणाले, “म्हणूनच तर मला जावं लागणार.”

२

पारनेरच्या गाडीत मास्तरांना खिडकी मिळाली, पण ती बंद होत नव्हती. सुप्यापर्यंत त्यांच्या पांढऱ्या टोपीचा रंग गेरूसारखा झाला. कचेरीत पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

कोणती कचेरी ते सांगण्यात अर्थ नाही. पिवळ्या भिंती, हिरवी दारं आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी. पाटीखाली शिपाई गहिनीनाथ मोठ्यानं कुणाशी तरी भांडत होता. मास्तरांना पाहून त्यानं भांडण अर्ध्यावर ठेवलं.

“तुमीच का नगरचं मास्तर? बाई सकाळधरनं रडत्यात. पानी दिलं तर पित न्हाईत.”

“आणि साहेब?”

“सायेब पित्यात.”

दहातोंडे साहेब पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “मास्तर, मला यात काही आनंद नाही. पण सही माझी आहे. पहिल्या पानावर आदेश, खाली माझी सही. दुसरं पान यादीचं, त्यावर सही नसते. सोमवारी संध्याकाळी बाईंनी दोन्ही पानं आणून दिली, मी सही केली.”

“यादी वाचली होती?”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, असा नियम त्या कचेरीत कुणाला आठवत नव्हता.

“मंगळवारी फाईल कुठं होती?”

“बाहेर, कपाटात. कपाटाला कुलूप आहे.”

“किल्ली?”

“कुलपाला.”

मास्तरांनी मान डोलावली. “आणि बाई?”

“मंगळवारी रजेवर होत्या. भावाची सोयरीक होती. पण सोमवारीच चुकीचं गाव टाइप करून माझी सही घेतली, तर मंगळवारी हजर कशाला राहायला हवं?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “चारला नगरची डाक जाते. बाईंना कमी करण्याचा कागद तयार आहे. तुम्ही सर्टिफिकेटवर ‘खरे आहे’ असं लिहा, म्हणजे झालं.”

“लिहितो की. पण मी दिलेलं सर्टिफिकेट खरं असेल, तर हे पान खोटं असणार. दोन्ही खरी असू शकत नाहीत.”

“म्हणजे?”

“चारपर्यंत वेळ आहे ना साहेब? मग मला चहा सांगा आणि सगळ्यांना विचारू द्या.”

विचारणं फार सोपं गेलं, कारण प्रत्येकाकडे गुन्ह्याचं कारण तयार होतं. कनिष्ठ कारकून रंगनाथ गाडगे मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, कुणी तरी सांगेलच म्हणून मीच सांगतो. माझी सासुरवाडी हिंगणमळा.”

“टाइप येतं?”

“दोन बोटांनी. बाई रजेवर असल्या की मीच बडवतो.”

गहिनीनाथाची थोरली बहीण हिंगणमळ्यात दिलेली होती. “पर मास्तर, तिच्याकडं गुरं न्हाईत. कोंबड्या हायेत. कोंबडीला दवाखाना लागतो व्हय?”

हेडक्लार्क सूर्यभान औटी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, बावन्न वर्षांचे. कॉलरला रुमाल, कानावर पेन्सिल. त्यांनीही काही लपवलं नाही. “माझ्या दोन म्हशी तिथं असतात, चुलतभावाच्या गोठ्यात. पण मास्तर, माझा त्या मशीनशी संबंध नाही. मी इंग्रजीचा माणूस. सरकारनं मराठी केलं आणि माझी बोटं तिथंच थांबली. सगळ्या कचेरीला विचारा.”

कचेरीनं एकमुखानं दुजोरा दिला. भाऊसाहेबांना मराठी टाइप येत नाही, ही गोष्ट कचेरीत पिवळ्या भिंतींइतकी जुनी होती.

मास्तर चहा पीत राहिले. ज्या तालुक्यात प्रत्येकाचं प्रत्येक गावात कुणी ना कुणी आहे, तिथं कारण शोधण्यात वेळ घालवू नये, एवढं त्यांना कळलं. मग उरला फक्त कागद.

“पोरीला बोलवा,” ते म्हणाले. “आणि ती दोन्ही पानं द्या. अस्सल.”

३

विजयमाला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मास्तरांनी विचारपूस केली नाही. क्लासात विचारत तसंच विचारलं.

“हेडिंग मध्यावर कसं घ्यायचं? म्हण.”

तिनं पदर सावरला. “पानाच्या मध्यावर मशीनची गाडी आणायची. हेडिंगला किती घरं, म्हणजे अक्षरांच्या जागा, लागतात त्या मोजायच्या, दोन शब्दांमधली मोकळी घरंही धरायची. त्याचं निम्मं करायचं. तितक्या वेळा मागची कळ दाबून मागं जायचं आणि तिथून टाइप करायचं.”

“आणि मात्रा?”

“मात्रा, उकार, अनुस्वार मोजायचे नाहीत, मास्तर. त्या कळा दाबल्या की वर-खाली खूण उमटते, पण गाडी पुढं सरकत नाही. त्यांना घर लागत नाही. काना-वेलांटीला लागतं.”

“पहिल्या दिवशी तू मोजले होतेस.”

“आणि तुम्ही पान फाडलं होतं.”

“एकच फाडलं. तुझ्या शेजारी बसणाऱ्या पोराची चौदा फाडली होती,” मास्तर म्हणाले. “बरं, आता रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. माझ्या पानावर पाणी नको.”

ती गेली नाही, रडलीही नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मास्तरांनी पहिलं पान, साहेबांच्या सहीचं, उभं मधोमध दुमडलं. साहेब “अहो, अस्सल आहे!” म्हणेपर्यंत घडी पडलीही. उजेडाकडे धरलं. घडी हेडिंगच्या बरोबर पोटातून गेली होती. जितकी अक्षरं डावीकडे, तितकीच उजवीकडे.

मग त्यांनी दुसरं पान, यादीचं, तसंच दुमडलं. वर हेडिंग होतं: गुरांचे नवे दवाखाने मंजूर केलेली गावे.

घडी मध्यातून गेली नव्हती. सगळं हेडिंग डावीकडे झुकलं होतं, शाळेच्या फोटोत कुणीतरी ढकललेल्या रांगेसारखं. मास्तरांनी पान मशीनच्या पट्टीवर धरलं आणि घरं मोजली. पाच घरं डावीकडे. कमी नाही, जास्त नाही.

“घाईत झालं असेल,” दारात उभे असलेले भाऊसाहेब म्हणाले. “गुन्हा करताना माणसाचा हात कापतोच.”

“हात कापला तर कुठंही जाईल. कधी दोन घरं, कधी सात, कधी उजवीकडे.” मास्तरांनी हेडिंगखालची छोटी ओळ दाखवली: तालुका पारनेर. “हीपण चुकली आहे. एक घर डावीकडे.”

“एका घरानं काय होतं हो मास्तर?”

“एका घरानं दवाखाना नऊ मैल जातो.”

मास्तरांनी कानामागची शिसपेन्सिल काढली. ती त्यांची नव्हती, मघाशी चहा घेताना भाऊसाहेबांच्या कानावरून उचललेली होती. हेडिंगातल्या मात्रा, उकार आणि अनुस्वार यांच्यावर त्यांनी एकेक बारीक टिंब दिलं आणि मनाशी मोजलं. दहा. खालच्या ओळीवर दिली. ‘लु’ला एक, ‘ने’ला एक. दोन.

त्यांनी दोन्ही पानं शांतपणे सरळ केली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“साहेब,” ते म्हणाले, “सगळ्यांची परीक्षा घ्यायची आहे. मशीन मधे आणा. इंग्रजी मशीन असेल तर तेही.”

“इंग्रजी कशाला?”

“आहे का नाही ते सांगा.”

“आहे,” गहिनीनाथ म्हणाला. “त्याच्यावं आमी छत्र्या ठिवतो.”

४

पहिला बसला रंगनाथ. मास्तरांनी हेडिंग सांगितलं: विहिरींची यादी. रंगनाथानं जीभ बाहेर काढली, दोन बोटं उगारली आणि जिथं गाडी होती तिथूनच ठोकायला सुरुवात केली.

“मध्यावर घे की.”

“मध्यावरच आहे की, मास्तर. नजरेनं घेतलंय.”

घडी घातली तर हेडिंग उजवीकडे बारा घरं पळालेलं. दुसऱ्यांदा टाइप करायला लावलं तर डावीकडे तीन. रंगनाथाच्या चुकीला कसलीही शिस्त नव्हती. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. “तू निर्दोष आहेस. इतकं वाईट टायपिंग लपवता येत नाही.”

विजयमालेला त्यांनी तीच ओळ सांगितली. तिनं मोजलं, मागची कळ दाबली, ओळ मारली. घडी हेडिंगच्या पोटातून गेली.

“मी कशाला बसू?” भाऊसाहेब हसले. “मला तर मराठी...”

“तुम्ही इंग्रजीवर बसा. छत्र्या काढ रे गहिनीनाथ. भाऊसाहेब, नगरला तुमचं नाव ऐकून होतो. इंग्रजी कोर्टातसुद्धा म्हणत, औट्यांचं पान म्हणजे छापील पान.”

हे मास्तरांनी आत्ताच रचलं होतं, पण खोटी स्तुती तपासून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. भाऊसाहेबांनी रुमाल नीट केला, धूळ फुंकली आणि बसले. बसता क्षणी ते दहा वर्षांनी लहान झाले. मास्तरांनी सांगितलेलं ‘लिस्ट ऑफ कॅटल डिस्पेन्सरीज’ त्यांनी ओठांतल्या ओठांत पुटपुटत मोजलं, गाडी मध्यावर आणली, मागची कळ टकटक दाबली आणि एका दमात ओळ मारली.

मास्तरांनी पान दुमडलं. घडी केसभरसुद्धा हललेली नव्हती.

“वा!” मास्तर मनापासून म्हणाले. “रीत सांगा की, पोरांना उपयोगी पडेल.”

“रीत काय, साधी आहे.” भाऊसाहेबांचा आवाज मोकळा झाला. “जितकी बटणं दाबायची तितकी मोजायची. एकही सोडायचं नाही. निम्मं करायचं, मधून मागं यायचं. तीस वर्षांत हेडिंग हललं नाही आपलं.”

“जितकी बटणं तितकी घरं.”

“बरोबर.”

“इंग्रजीत.”

“इंग्रजीत काय, कशातही! मोजणं ते मोजणंच.”

मास्तरांनी यादीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं, दुमडलेलं. “मग हे बघा. कुणा अडाण्यानं टाइप केलंय. मध्य कशाशी खातात तेच माहीत नाही. मोजलंच नाही मुळी, अंदाजानं मारलंय.”

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. कुणाच्या बापाला शिवी दिली तरी माणूस गप्प बसेल, पण तीस वर्षांच्या कामाला दिलेली शिवी सहन होत नाही.

“मोजलं नाही कसं? अडतीस भरतात! अडतीसचे निम्मे एकोणीस. एकोणीस वेळा मागं आलोय मी, एक ना दोन...”



५

मास्तरांनी पान उचललं, आणि ते साहेबांशी नव्हे, विजयमालेशी बोलले. फळ्यासमोर बोलत तसं.

“‘ख’ला अर्धा ‘ख’ आणि काना अशी दोन बटणं धरली की अडतीस, बरोबर आहे भाऊसाहेबांचं. पण त्यांतली दहा मात्रा, उकार आणि अनुस्वारांची. ती दाबली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणजे घरं लागली अठ्ठावीसच. मागं जायला हवं होतं चौदा वेळा. गेले एकोणीस. पाच घरं जास्त. खालच्या ओळीत दोन मात्रा, म्हणून एक घर. ही चूक घाईची नाही, साहेब. मराठी शिकलेला ती करणार नाही, कारण पहिल्याच दिवशी त्याचं पान फाटतं. दोन बोटांनी बडवणारा करणार नाही, कारण तो मोजतच नाही. ही चूक फक्त तोच करेल, ज्याला मोजण्याची अतिशय चांगली सवय आहे, पण दुसऱ्या मशीनवरची.”

“पण त्यांना मराठी टाइप येत नाही!” साहेब म्हणाले.

“येतं,” भाऊसाहेब म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो ऐकायला, छत्र्या काढून परत पाटीखाली भांडायला गेलेल्या गहिनीनाथानं भांडण कायमचं मिटवलं. “पुस्तक आणून शिकलो. दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवायला गेले की. येतं म्हणालो असतो तर परीक्षेला बसवलं असतं. बावन्नाव्या वर्षी, या पोरीच्या शेजारी बसून नापास व्हायचं?”

“आणि म्हशी?”

“तीन होत्या, मास्तर. तिसरी चैत्रात अडली. बैलगाडीत घालून इथं पारनेरच्या दवाखान्याकडे आणली. डॉक्टर नगरला मीटिंगला गेलेले. वेशीतच गेली.” त्यांनी रुमाल कॉलरवरून काढून हातात घेतला. “साहेब वाचत नाहीत. वाटलं, एक गाव इकडचं तिकडं, कुणाला कळणार? मंगळवारी दुपारी यादीचं नवं पान, प्रतींसकट, टाइप करून फाईलमध्ये घातलं. बाईंची अक्षरं खाली टाकली, कारण प्रत्येक कागदावर असतात ती. तिच्यावर येईल असं... देवाशप्पथ, नव्हतं वाटलं.”

“बुधवारी आलं की तिच्यावर,” मास्तर म्हणाले. “आज शुक्रवार आहे. दोन दिवस ती रडतेय आणि तुम्ही कानावर पेन्सिल लावून बसलात. म्हशीसाठी कागद बदललात ते समजू शकतो. हे नाही.”

विजयमाला भाऊसाहेबांकडे पाहत होती. सकाळपासून तिनं मनात जे साठवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं असावं, कारण तिचे ओठ हलले. मग ती फक्त म्हणाली, “भाऊसाहेब, माझं आजोळ आहे ते. मलाही तिथं दवाखाना हवाच होता. मागून घ्यायचा होता ना हो.”

साहेबांनी तिला कमी करण्याचा कागद फाडला. सरकारी माणूस असल्यामुळे त्यांनी तो आधी वाचला, बहुधा त्या वर्षातला पहिलाच. भाऊसाहेबांना खुलासा मागणारं पत्र जाणार हे नक्की झालं. भाऊसाहेब बाहेर जायला निघाले तेव्हा साहेब तोंड फिरवून म्हणाले, “आणि हिंगणमळ्याला आठवड्यातून एक दिवस तरी डॉक्टरनं जावं, असं नगरला लिहायला हवं. पण ते वेगळं प्रकरण. दोन्ही एका फाईलमध्ये घालू नका.”

“साडेतीन झाले,” मास्तरांनी आठवण करून दिली. “डाक चारला. यादी पुन्हा टाइप करायची आहे, आणि बहुतेक अजून एक कागद.”

साहेबांनी ढिगाच्या तळातून तो काढला. विजयमालेला कायम करण्याचा मसुदा दोन महिने तिथं दबून होता. “बाई, हाही तुम्हीच करा. दुसरं कोण करणार? रंगनाथ?”

“नको,” रंगनाथच म्हणाला.

तिनं यादी आधी केली. सात गावं, त्यांत पिंपळदरा, हेडिंग मध्यावर. मग तीन कोरे कागद, त्यांच्यामधे कार्बन, रोलरवर चढवले आणि आपला कागद टाइप करायला घेतला. मास्तर मागे हात बांधून उभे होते. पहिला परिच्छेद सुरळीत गेला. मग तिचं स्वतःचं नाव आलं आणि बोटं थांबली. पुन्हा सुरू झाली. ‘विजयमाला’तला ‘य’ एकदाऐवजी दोनदा उमटला. तिनं खोडलं, पुन्हा मारलं, तर ‘शेळके’ची मात्रा ‘ळ’वर जाऊन बसली.

तिनं रबर हातात घेतलं आणि मागं न पाहता विचारलं, “मास्तर, पान फाडता का?”

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, एक लिंब होता आणि त्याखाली डाकेची सायकल.

“मला काही दिसलं नाही,” ते म्हणाले. “चष्मा नगरला राहिला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी तो काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि पानावर रबर घासल्याचा आवाज थांबेपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले.